वय झालं म्हणजे आठवण गेली?

आजोबांना चष्मा सापडेना, की घरातलं कुणीतरी पटकन म्हणतं, ‘वय झालं, आठवण गेली.’ मग पासबुक, पेन्शनचे कागद, किल्ल्या एकेक करून त्यांच्या हातून काढून घेतल्या जातात. हा निकाल घाईचा आहे आणि चुकीचाही. तरी तो घरोघरी ऐकू येतो.

काल कोण आलं, काय बोललं, हे मुद्दाम आठवणं वेगळं. चेहरा ओळखीचा वाटणं, हात सवयीनं चालणं हे वेगळं. मानसशास्त्रज्ञ लॅरी जॅकोबी यांनी १९९१मध्ये जाणीवपूर्वक आठवण आणि आपोआप होणारी ओळख यांचा वाटा वेगवेगळा मोजण्याची पद्धत मांडली. तीच वापरून जेनिंग्ज आणि जॅकोबी यांनी १९९३मध्ये तरुण आणि वृद्धांची तुलना केली. वृद्धांची जाणीवपूर्वक आठवण कमी भरली. आपोआप होणारी ओळख मात्र तरुणांइतकीच निघाली.

हातातलं कौशल्यही असंच टिकतं. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४मध्ये टंकलेखकांचा अभ्यास केला. वयस्कांची बोटं मंदावली होती, पण टायपिंगचा वेग मंदावला नव्हता: ती मंडळी मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होती.

खरा धोका निराळाच आहे. गोष्ट ओळखीची वाटते, पण ती कुठून कळली ते आठवत नाही. जॅकोबींच्या १९९९च्या प्रयोगात लोकांनी आधी काही शब्द वाचले, मग दुसरे ऐकले. सूचना एकच: ऐकलेल्या शब्दांनाच ‘हो’ म्हणा. वाचलेला शब्द जितक्या जास्त वेळा समोर आला होता, तितके तरुण कमी चुकले आणि वृद्ध जास्त. ‘काका, मागच्या आठवड्यात बोलणं झालं होतं ना आपलं?’ असं म्हणणारा फोनवरचा ठग नेमका इथेच घाव घालतो. कुणाचा फोन आला, काय ठरलं, हे तारखेसह वहीत लिहून ठेवायची सवय इथे पासबुक काढून घेण्यापेक्षा जास्त उपयोगाची.

घरोघरी असेच आणखी काही समज ऐकू येतात. ‘म्हातारपणी डिमेन्शिया व्हायचाच’: नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो आहे, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज सांगतो.

‘या वयात नवं शिकता येत नाही’: येतं, वेळ जास्त लागतो.

‘लहानपणचं लख्ख आठवतं, म्हणजे सगळं ठीक’: अल्झायमरच्या सुरुवातीला जुन्या आठवणी बऱ्याचदा शाबूत असतात, नव्या टिकत नाहीत.

चष्मा हरवणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जावं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो, आणि त्यांवर उपचार आहेत.