फ्रीलान्सरला काम देणारा ग्राहक नेमके काय पाहतो?

माजलगावात घरी बसून पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्या ग्राहकाचेही काम करता येते. डिझाइन, भाषांतर, व्हिडिओ एडिटिंग, वेबसाइट, हिशेब अशी कितीतरी कामे आहेत. आपली शिकलेली मुले-मुली अर्ज करतात, पण उत्तर येत नाही. मग "आपल्याला कोण काम देणार?" असे म्हणून सोडून देतात. म्हणूनच समोरचा काय पाहतो हे समजून घेतले पाहिजे.

बाबासाहेबांचा अनुभव

1917 मध्ये बडोद्याची नोकरी सुटल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला असा सल्लागार शोधूनही सापडला नसता. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. पुढे 1923 मध्ये वकिली सुरू केली, तेव्हाही सुरुवातीला कामे मिळत नव्हती. 1926 मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांची बाजू मांडून यश मिळवले आणि वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

ग्राहक विश्वास शोधत असतो. तेव्हा तो जात पाहून ठरवला गेला. आजही आडनाव पाहणारे आहेत. पण ऑनलाइन कामात नमुना आधी समोर ठेवता येतो. ही संधी आपण वापरली पाहिजे.

ग्राहक या गोष्टी पाहतो

1. काम समजले का? सगळ्यांना एकच अर्ज पाठवू नका. ग्राहकाची जाहिरात नीट वाचा. त्याची अडचण दोन ओळींत मांडा आणि ती कशी सोडवाल ते सांगा.

2. पूर्वी काय केले? अनुभव नाही म्हणता, पण 14 एप्रिलचे बॅनर किंवा विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका तुम्हीच केली असेल. त्यातले उत्तम तीन-चार नमुने निवडा. भाषांतरकाराने मूळ उतारा आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवावे.

3. शब्द पाळतो का? वीज गेली, नेट बंद पडले, हे होणारच. पण मुदत संपल्यावर कारण सांगण्यापेक्षा आदल्या दिवशी कळवा. उशीर एक वेळ चालतो, फोन न उचलणे चालत नाही.

4. दर स्पष्ट आहे का? सर्वात स्वस्त माणूस ग्राहकाला हवाच असतो असे नाही. किती पैशात काय मिळेल, किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, हे लेखी द्या.

आगाऊ पैसे: उचल नव्हे

आगाऊ पैसे म्हटले की बीड जिल्ह्याला ऊसतोडीची उचल आठवते. मुकादम हंगामाआधी 'कोयत्याला', म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पैसे देतो आणि ते फिटेपर्यंत ती जोडी बांधली जाते. फ्रीलान्स कामात आगाऊ रक्कम उलट काम करणाऱ्याचे संरक्षण करते. अपवर्कसारख्या मंचावर ठरीव रकमेच्या कामाचे पैसे ग्राहक आधीच मंचाकडे जमा करतो. ते जमा झाल्याशिवाय काम सुरू करू नका. थेट ग्राहक असेल तर काही रक्कम आधी मागण्यात संकोच नको.

भारतातील व्यवसायांकडून काम घेणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

आणि डेटा एन्ट्रीचे काम देतो, आधी नोंदणी फी भरा असे कोणी म्हणाला, तर तो ग्राहक नाही, फसवणारा आहे. खरा ग्राहक पैसे देतो, मागत नाही.

पहिले काम छोटे असले तरी ते इतके चोख करा की दुसऱ्या कामासाठी त्यानेच फोन करावा.