गोल्डफिशचा केशरी रंग खाद्यातून येतो
दुकानातून आणलेला झगझगीत केशरी गोल्डफिश दोन-तीन महिन्यांत फिका पडला, की बहुतेक जण पाणी बदलत बसतात. पाणी महत्त्वाचं आहेच, पण खाद्याचा डबाही बघा. लाल-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, ती पोटातूनच जावी लागतात.

इथे स्पिरुलिना कामी येते. या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या भुकटीत झिॲझँथिन असतं आणि गोल्डफिश, कोई त्याचं ॲस्टाझँथिन नावाचं लालसर रंगद्रव्य करून घेतात. हिरवं खाऊन लाल होणं! मला याचं अजूनही नवल वाटतं. शिवाय वाळलेल्या स्पिरुलिनात 60 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे वाढीलाही हातभार लागतो.

मी 100 ग्रॅम खाद्याला 5 ग्रॅम भुकटी घेते, थोड्या पाण्यात कालवून दाण्यांना चोळते (बोटं हिरवीगार होतात) आणि सावलीत खडखडीत वाळवते. उन्हात नको, रंगद्रव्यं नासतात. डबा घट्ट झाकणाचा हवा. फरक दिसायला काही आठवडे लागतात, धीर धरा. लाल-पांढऱ्या कोईला मात्र बेतानं द्या, अती झालं तर पांढऱ्या भागावर पिवळसर झाक येते.