सोळाव्या आठवड्याआधीची गोळी

११ टक्के. दिवस जाण्याआधीपासूनच मधुमेह असलेल्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी साधारण इतक्या जणींना प्री-एक्लॅम्पसिया होतो, असं २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत जोखीम ३.७ पट. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर, सोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा यकृत, मूत्रपिंडात बिघाड, असं हे दुखणं. झटके आले की एक्लॅम्पसिया. पायावरची सूज बहुतेक गरोदर बायांना येते, म्हणून नुसत्या सुजेवरून काहीच ठरत नाही.

हे आकडे आष्टीत आणून पाहू. बीडची नव्हे, जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातली आष्टी. एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे ३०,००० लोकसंख्या हे सरकारी प्रमाण. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास, म्हणजे वर्षाला साडेचारशे बाळंतपणं. शंभरात एकीला आधीचा मधुमेह धरला तर चार-पाच जणी, आणि त्यांतून प्री-एक्लॅम्पसियाची एक रुग्ण दोन वर्षांतून. उरलेल्यांत तीन टक्के धरले तरी वर्षाला तेरा-चौदा. मग मधुमेहाकडेच बोट का? कारण त्या तेरा-चौदा कोण असतील ते आधी कळणं अवघड असतं. या चार-पाच जणी पहिल्याच तपासणीत हाती लागू शकतात.

आणि वेळेला महत्त्व आहे. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या धमन्या पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत रुंदावतात. ते काम नीट झालं नाही तर बीपी पुढे चढतो, पण बिघाडाची सुरुवात केव्हाच होऊन गेलेली असते. म्हणून हा धोका कमी करण्यासाठी कमी मात्रेची ॲस्पिरिन बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू करायची असते, अर्थात डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

तिचा गुण किती? २०१७ च्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जास्त जोखमीच्या १,७७६ स्त्रियांपैकी निम्म्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम गोळी दिली. सदतीस आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला; पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्यात मात्र असा फरक दिसला नाही. मधुमेहींपुरता पुरावा याहून कच्चा आहे. १९९८ च्या एका अमेरिकी चाचणीत इन्सुलिनवर असलेल्या ४७१ गरोदर स्त्रियांत प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १८ टक्के, न घेणाऱ्यांत २२ टक्के निघालं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण तिथे मात्रा ६० मिलिग्रॅम होती आणि सुरुवात १३ ते २६ आठवड्यांत कधीही. मला त्या अपयशात गोळीपेक्षा उशिराचा आणि मात्रेचा दोष अधिक दिसतो.

प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमचं गणित सोपं. बंगळुरूत ११,००० स्त्रियांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ३.३ टक्के, १,५०० घेणाऱ्यांत ३ टक्के. फरक नगण्य. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या ५०० च्या दोन गोळ्या नेमाने घेतल्या तरी पुष्कळ.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. परतूर, मंठा, घनसावंगी भागातून दिवाळीच्या आगेमागे जोडपी ऊसतोडीला निघतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेवटची पाळी आलेल्या बाईचा बारावा आठवडा ऑक्टोबरअखेर भरतो, सोळावा नोव्हेंबरअखेर. गोळी सुरू करायची ती वेळ नेमकी उचल घेऊन फडावर पोहोचण्याची. शुगरची दुसरी तपासणी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, ती कारखान्याच्या तळावर असताना. त्या तपासणीत मधुमेह सापडला तर साखर आटोक्यात आणता येते. ॲस्पिरिनची वेळ मात्र टळलेली असते.

शुगरची पहिली तपासणी मुकादमाची गाडी येण्याआधी सहज होते. राष्ट्रीय मार्गदर्शिकेतल्या पद्धतीला उपाशीपोटी येण्याची अट नाही: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर थेंबभर रक्त. १४० किंवा वर आकडा आला तर मधुमेह समजून पुढचे उपचार. सप्टेंबरात, आशाताईंनी नोंद केल्यावर पुढच्याच भेटीत, एवढं उरकलं की डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिनच्या गोळ्यांची पाकिटं बांधून देता येतात.