संगणकातील देवनागरी

संगणकाच्या पडद्यावर मराठी मजकूर उमटलेला पाहिला, की त्या यंत्राला मराठी येत असावी असा सहज समज होतो. वस्तुतः संगणकाला कोणतीच लिपी येत नाही. त्याच्या स्मृतीत शून्य आणि एक या दोन अंकांच्या रांगांखेरीज काहीही नसते. कोणत्या संख्येला कोणते अक्षर मानावयाचे, हे माणसांनी आपसांत ठरविलेले असते. या ठरावास संकेतप्रणाली असे म्हणतात. ठराव सर्वांचा एक असेल, तर एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. ज्याचा त्याचा ठराव निराळा असेल, तर आपलेच लेखन आपल्याला परके होते. मराठीने हा दुसरा अनुभव बरीच वर्षे घेतला.

इंग्रजीचा प्रश्न लवकर सुटला. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात १२८ जागा होत्या आणि रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांना त्या पुरेशा होत्या. देवनागरीला मात्र त्यांत स्थान नव्हते.

पुढे संगणकावर मराठी पुस्तके जुळविली जाऊ लागली, तेव्हा छपाईची निकड भागविण्यासाठी एक युक्ती योजण्यात आली. संकेत रोमन अक्षराचाच ठेवावयाचा. परंतु त्या अक्षराचे चित्र बदलून तेथे देवनागरीचा आकार बसवावयाचा. अशा आकारांच्या संचाला फॉन्ट म्हणतात. २५६ जागांत सर्व जोडाक्षरे मावत नसल्याने अक्षरांचे तुकडेही करण्यात आले. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि त्यापुढे काना, असे दोन संकेत होत. ‘किती’ या शब्दात आधी वेलांटी साठविली जाई आणि मग क. कारण डोळ्यांना ती आधी दिसते. कागदावर छपाई सुरेख होई. पण तीच संचिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक ढीग समोर येई. प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी असल्याने एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्यात नेणेही कठीण होते. शब्द शोधणे किंवा यादी अकारविल्हे लावणे ही तर दूरची गोष्ट. अक्षरे दिसत होती. साठविली मात्र गेली नव्हती.

या युक्तीहून खोल विचार भारतात त्याच काळात झाला होता. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले काम पुढे पुण्यातील ‘सी-डॅक’ या संस्थेत वाढले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वळणे वेगळी असली, तरी वर्णमालेची रचना बहुतांशी एकच आहे, हे या कामाचे सूत्र होते. त्यातून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आकारास आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती मानक म्हणून स्वीकारली. ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलकही त्याच विचाराचा आहे. मराठीत ‘क’ उमटविणारी कळ कन्नड वा बंगाली लिहितानाही ‘क’च उमटविते.

१९९१ सालीच जगातील सर्व लिप्यांना एका ठरावात आणणारी ‘युनिकोड’ प्रणाली प्रसिद्ध झाली. तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली आणि २३०४ ते २४३१ या संख्या देवनागरीला दिल्या. ‘क’चा संकेत २३२५ हा आहे. येथे आकाराला नव्हे, तर वर्णाला संख्या मिळते. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी साठविली जाते. वेलांटी डावीकडे काढणे हे फॉन्टचे काम. ‘स्त्री’ हे एक अक्षर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी बनते. जोडाक्षर कसे रेखाटावे, हे पडद्यावर दाखविताना ठरते. ‘विंडोज २०००’सारख्या प्रणालींत ही सोय आली, तेव्हा सामान्य वापरकर्त्याच्या हाती हे साधन पडले.

मराठीच्या काही गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि डोंगरातील ‘दऱ्या’ यांत केवळ र च्या रूपाचा भेद आहे. परंतु तो पुसला गेला तर अर्थच बुडतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना दिलेले निमंत्रण थेट आचार्यांना पोहोचावे, तसा हा प्रकार! युनिकोडमध्ये ‘दऱ्या’साठी ‘ऱ’ हा स्वतंत्र संकेत वापरता येतो, म्हणून शोध घेतानाही हे दोन शब्द वेगळे राहतात. ‘ॲ’ला मात्र स्वतःची जागा मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

संकेत एक झाला, तरी आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम संपत नाही. एक संकेत म्हणजे एक अक्षर, हे इंग्रजीत खपणारे गृहीत मराठीत चालत नाही. नावासाठी ठराविक संकेतांची मर्यादा घातलेली आज्ञावली मराठी नाव जोडाक्षराच्या मधोमध तोडू शकते. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात. देवनागरीत तोच संदेश ७० संकेतांत संपतो, आणि त्यांतले सहा एकट्या ‘स्त्री’ला लागतात. क्रमाची अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याची संख्या २३५५, म्हणजे ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे केवळ संख्यांच्या आधारे लावलेल्या यादीत ‘कळस’ आधी येतो आणि ‘कवच’ नंतर. वर्णमालेप्रमाणे ‘कवच’ आधी हवे असेल, तर मराठीचा क्रम आज्ञावलीला वेगळा सांगावा लागतो, आणि तो सांगण्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो.