खात्यात येणारे दोन हजार : सन्मान निधी समजून घेऊ या



"गुरुजी, आमचा हप्ता का नाही आला?" हा प्रश्न पैठण, कन्नड, सिल्लोडकडच्या शाळांतल्या अनेक शिक्षकांच्या ओळखीचा आहे. लोक विश्वासाने आपल्याकडे येतात, म्हणून आपल्याला निदान मूळ गोष्टी तरी माहीत हव्यात.

योजना काय आहे?
केंद्राची 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० चा एक हप्ता. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' आणून त्यात आणखी ६,००० घातले. झाले वर्षाचे १२,०००. मुलांना भागाकार करायला सांगा : महिन्याला १,००० आणि दिवसाला सुमारे ३३ रुपये. रक्कम छोटी वाटते; पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याची एखादी पिशवी उधारीशिवाय घरात येते, हेही खरं.

कोणाला मिळते?
सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतचेच शेतकरी होते. २०१९ मध्येच ती अट निघाली. आता अर्धा एकर असो की दहा एकर, हप्ता तेवढाच. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. एका कुटुंबात एकच लाभ. आयकर भरणारे आणि सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून) यात बसत नाहीत. म्हणजे घरची शेती असली तरी आपण सरकारी शिक्षक यात नाही!

हप्ता का अडकतो?
बहुतेक वेळा कारण या चारपैकी एक असतं :
१. ई-केवायसी झालेली नाही.
२. बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. त्यामुळे कधी कधी हप्ता आलेला असतो, पण दुसऱ्याच बँकेत. आधी तिथे बघा.
३. जमिनीची नोंद योजनेच्या यादीशी जुळत नाही.
४. आधार आणि सातबारा यांवरच्या नावात फरक आहे.
चौकशीसाठी १५५२६१ हा क्रमांक आहे. मोबाईलवर आलेली अनोळखी फाईल उघडू नका, ओटीपी कोणालाही सांगू नका. हप्त्याच्या नावाने फसवणूक होते.

सातबाऱ्यावर नाव कोणाचं?
खरी मेख इथेच आहे. पैसा राबणाऱ्या हाताला नाही, सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. कपाशी वेचणारी, मक्याची कणसं खुडणारी बाई रोज रानात असते. कागदावर मात्र नवरा किंवा सासरा. नवरा गेला की हप्ता थांबतो. त्याच्या नावावर जमीन असेल, तर तलाठ्याकडे वारस नोंद करून घेतल्यावर तिला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना साधारणपणे लाभ नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला ही अट आडवी येत नाही. ही एवढी माहिती वेळेत मिळाली, तर आपल्या वर्गातल्या एखाद्या लेकराची आई चकरा मारण्यापासून वाचेल.

बटाईने किंवा ठोक्याने दुसऱ्याची शेती करणारा आणि शेतमजूर यांना मात्र या योजनेत जागाच नाही. जमिनीची नोंद तयार असते, कसणाऱ्याची नसते. म्हणून सरकारला नोंदीवरून पैसे देणं सोपं जातं. हे न्याय्य आहे का, यावर आठवी-नववीच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

वर्गात घेताना
नमुना सातबारा फळ्यावर काढा. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचं नाव, पीक मुलांना वाचता आलं पाहिजे. पण "तुमच्याकडे किती जमीन?" असं वर्गात कोणालाही विचारू नका. त्याच बाकावर बिनजमिनीच्या घरातलं मूलही बसलेलं असतं.