कंपायलर बदलताना

दहावी-बारावीनंतर आपल्या जिल्ह्यातील अनेक मुले-मुली संगणकशास्त्र शिकण्यासाठी नागपूर-पुण्याची वाट धरतात. हाती बहुधा कोणीतरी वापरलेला जुना लॅपटॉप असतो. अशा विद्यार्थ्यांना विनामूल्य लिनक्स हा मोठा आधार वाटतो. त्यातील काही जण जिज्ञासेपोटी 'जेंटू' ही प्रणाली निवडतात. डॅनियल रॉबिन्स यांनी घडवलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली आली. तिच्यात तयार प्रोग्राम उतरवून घेण्याऐवजी मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड आणून प्रोग्राम आपल्याच संगणकावर घडवण्याची रीत आहे.

हे घडवण्याचे काम कंपायलर करतो. माणसाने लिहिलेली संहिता तो यंत्राला कळणाऱ्या संकेतांत उतरवतो. लिनक्स जगतात हा मान प्रामुख्याने 'जीसीसी'कडे जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्र उभे राहिले व तेथील कार्यशाळांतून त्याची अंतर्गत रचना शिकवली गेली.

आता प्रश्न असा, की कंपायलरची नवी आवृत्ती घेतली तर कालपर्यंत चालणारे काम आज का अडते?

उत्तरासाठी आपलाच अनुभव आठवावा. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. गाव तेच, घर तेच. पण वडिलांच्या कागदावर 'जिल्हा अकोला' आणि मुलाच्या कागदावर 'जिल्हा वाशिम'. दोन्ही कागद खरे असतात. तरी ते एकमेकांशी ताडून पाहताना खिडकीवरचा कारकून अडू शकतो.

२०१५ साली जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीत नेमके असेच घडले. सी प्लस प्लस भाषेच्या २०११ च्या मानकानुसार अक्षरमाला साठवण्याची पद्धत बदलावी लागली आणि तिची अंतर्गत नावेही बदलली. मूळ लायब्ररीत जुनी व नवी अशी दोन्ही रूपे ठेवल्यामुळे जुने प्रोग्राम चालत राहिले. परंतु नव्या पद्धतीने घडवलेला प्रोग्राम जुन्या पद्धतीने घडवलेल्या एखाद्या लायब्ररीला जोडू गेले, की 'हे नाव सापडत नाही' असा शेरा येऊ लागला. संहितेत चूक नव्हती. जोडणीचा करार बदलला होता.

दुसऱ्या प्रकारची अडचण शिस्तीची आहे. पूर्वी सी भाषेत एखादे फंक्शन आधी घोषित न करता वापरले, तर कंपायलर केवळ सूचना देऊन पुढे जाई. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तीच गोष्ट चूक ठरते व काम थांबते. येथे मात्र संहिताच दुरुस्त करावी लागते.

म्हणून कंपायलर बदलताना क्रम पाळावा. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. जेंटूत नवा कंपायलर जुन्याच्या शेजारी नांदू शकतो; जुना लगेच काढू नये. 'जीसीसी-कॉन्फिग' या आज्ञेने नवा निवडावा. जोडणी अडल्यास 'रेव्हडेप-रिबिल्ड' या साधनाला सी प्लस प्लसच्या मूळ लायब्ररीचे नाव द्यावे. तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम शोधून ते पुन्हा घडवले जातात. जुन्या यंत्रावर यास संपूर्ण दिवसही लागू शकतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हा उद्योग आरंभू नये. सर्व काही सुरळीत चालते याची खात्री झाल्यावरच जुन्या कंपायलरला निरोप द्यावा.

पालकांना हा सारा खटाटोप व्यर्थ वाटण्याचा संभव आहे. तथापि यातील एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ज्याची मूळ संहिता आपल्यापाशी आहे, ते मोडले तरी पुन्हा घडवता येते. ज्याचे केवळ तयार रूप विकत मिळाले, त्यासाठी विक्रेत्याच्या दारी तिष्ठत बसावे लागते. महागडे यंत्र घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा भेद फार मोठा आहे. आपल्या मुलांनी यंत्र वापरावे, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. ते उघडून पाहण्याचे, त्याचे अडणे समजून घेण्याचे व ते पुन्हा उभे करण्याचे धाडस त्यांच्या अंगी यावे. जे माजी विद्यार्थी या क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर चार मुलांना जवळ बसवून एवढे जरी दाखवले, तरी त्याचे मोल मोठे आहे.