चामराजपेटेतील मराठी घराण्यांचा मूळ शोध

बंगळूरच्या चामराजपेटेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना आपले पूर्वज शहाजीराजांच्या काळात आले असे वाटते. मात्र ही वसाहत 1892 च्या सुमारास आखलेली असल्याने, त्याआधीचा माग जुन्या पेठेत, तालुक्यांत आणि देवस्थानांत घ्यावा लागतो. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि 1687 मध्ये ते म्हैसूरच्या वडियारांकडे गेले. या अर्धशतकाचा भक्कम पुरावा म्हणजे मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवस्थानाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी गाव दिल्याचा 1669 चा शिलालेख. परंतु असे लेख दात्यांची नावे सांगतात, सामान्य शिलेदारांची नव्हे.

घराण्यांच्या नोंदींत खरा खंड 1687 नंतर पडतो. त्यातच कित्येकांनी कुलनाम सोडून नुसते ‘राव’ लावल्यामुळे दोन घराणी एकच भासतात. अशा वेळी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे गाव व आडनाव यांनुसार ठेवलेल्या यात्रेकरूंच्या वह्या, अमोल ठरतात: एकाच नोंदीत यात्रेकरूचे, वडिलांचे, आजोबांचे नाव, मुलांची नावे, मूळ गाव आणि पुष्कळदा खाली यात्रेकरूची स्वहस्ते मोडी सही, म्हणजे जलद लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या लिपीतली, आढळते. कुलदैवत आणि गोत्र हे केवळ दुय्यम दुवे होत, कारण ते शेकडो घराण्यांत समान असतात. म्हणून घरातील वृद्धांना आडनाव, मूळ गाव व कुलदैवत आजच विचारून लिहून ठेवावे आणि जुने मोडी कागद रद्दीत देऊ नयेत.